सहायक क्रमांक एक

रेश्मा आग्रेची मागणी विमा कंपनीने फेटाळली, त्याचं कारण पत्रात दीड ओळीत दिलं होतं : ‘आपल्या प्रतिरूपाने सदर साधनाचा पुरेसा वापर केलेला नाही. सबब मागणी नामंजूर.’

रेश्माने ते फोनवर दोनदा वाचलं आणि पडवीतल्या कॉटवरूनच नवऱ्याला हाक मारली.

“अहो, ऐकलंत का? मी खुर्ची वापरली नाही म्हणून मला खुर्ची मिळणार नाही म्हणतायत.”

महेंद्र हात पुसत बाहेर आला. “मिळालीच नाही तर वापरणार कशी?”

“मी नव्हे. माझं ते दुसरं. संगणकातलं.”

महेंद्रने पत्र वाचलं, फोन परत दिला. “राहू दे गो. नाही तर नाही. मी आहे ना,” असं म्हणून तो चहा टाकायला आत गेला.

ही गोष्ट २०४३ च्या जानेवारीतली. रेश्मा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती आणि गुहागर तालुक्यातल्या कोंडखोल गावात तिच्याइतका कलमाचा हात दुसऱ्या कुणाला नव्हता. आंब्याची कोयकलमं असोत की काजूची, तिने बांधलेल्या दहांतली नऊ जगायची. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये रोपं आणि तिला घेऊन निघालेला टेम्पो घाटात कलंडला. चालकाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. रेश्माच्या पाठीचा दहावा मणका चुरला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हात, खांदे, डोकं जसंच्या तसं राहिलं. म्हणजे तिच्या रोपवाटिकेचं काम करायला तशी काही अडचण नव्हती. अडचण होती ती पाखाडीची, दगडी पायऱ्यांच्या वाटेची.

कोकणातलं डोंगरउतारावरचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. रस्त्यापासून आग्र्यांच्या अंगणापर्यंत जांभ्या दगडाच्या एक्केचाळीस पायऱ्या उतरायच्या, आणि अंगणापासून खाली ओढ्याकाठच्या रोपवाटिकेपर्यंत आणखी बासष्ट. एकही पायरी दुसरीसारखी नाही. साध्या चाकाच्या खुर्चीला तिथे अंगणापलीकडे काही काम नव्हतं. महेंद्र रोपांच्या पिशव्या वर पडवीत आणून द्यायचा आणि रेश्मा बसल्या जागी कलमं बांधायची, पण कलमकाडी कुठल्या फांदीची घ्यायची हे झाडाखाली गेल्याशिवाय कळत नाही. महेंद्रने आणलेल्या काड्यांची निम्मी कलमं वाळून गेली.

तिला हवी होती ती चालखुर्ची. चिपळूणच्या शिबिरात वीस मिनिटं तिने तिच्यात बसून पाहिलं होतं. या खुर्चीला चाकांच्या जागी गुडघ्यात वाकणारे चार पाय असतात. प्रत्येक तळव्याला दाब कळतो, आणि पुढचा भाग प्रकाशाचे बारीक किरण सोडून समोरची जमीन क्षणाक्षणाला मोजत राहतो. एक पाय उचलण्याआधी उरलेले तीन भार पेलतील की नाही, हे खुर्ची आधी तपासते. पेलणार नसेल तर ती पाय उचलतच नाही. बसणारा ज्या बाजूला अंग झुकवेल तिकडे वळते, आणि चढ असो की उतार, बैठक हातातल्या भरल्या पेल्यासारखी सपाट राहते. शिबिराच्या इमारतीचे तीन जिने रेश्मा चढली आणि उतरली. उतरल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल तर, “पायांना चिखल लागला तर धुता येतात का?”

बागायतदारांच्या सोसायटीच्या सामुदायिक विम्यात ‘हालचालीस आवश्यक साधन’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण आवश्यक कोणतं, हे आता माणसं ठरवत नव्हती.

अपघातानंतर कंपनीने रेश्माच्या कमरेला नव्वद दिवस एक पट्टा बांधायला दिला होता. ती किती हलते, कुठे टेकते, कधी झोपते, कातडीवर कुठे दाब येतो, नाडी कशी चालते, याची तो मिनिटामिनिटाला नोंद घेई. त्या नोंदींवरून कंपनीचा संगणक माणसाची एक हलती प्रत बनवतो. हाडांच्या काठ्या, स्नायूंच्या दोऱ्या, आणि त्यांवर त्या माणसाच्या सवयी. हेच प्रतिरूप. मग त्या प्रतिरूपाला मागितलेलं साधन देऊन तीन वर्षं जगवतात; एकदा नव्हे, दहा हजार वेळा, दर वेळी थोड्या वेगळ्या नशिबाने. ही युक्ती वाईट नव्हती. ती येण्याआधी कित्येकांना भलतेच कृत्रिम पाय मिळत आणि ते माळ्यावर धूळ खात पडत. प्रतिरूपामुळे पाय अचूक बसू लागले, जखमा कमी झाल्या. सगळ्यांचा या युक्तीवर विश्वास बसला तो उगाच नव्हे.

रेश्माच्या प्रतिरूपाने मात्र दहा हजारांतल्या साडेनऊ हजार आयुष्यांत चालखुर्चीला हातही लावला नव्हता.

तिने फेरविचाराचा अर्ज केला. चार मिनिटांत उत्तर आलं, तेच. दुसरा अर्ज केला तेव्हा कंपनीने पट्टा आणखी साठ दिवस बांधायला सांगितलं. तिने तो बांधला, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉ. केतकी साबळेंना फोन लावला. अपघातानंतर रेश्माला उठून बसायला शिकवलं ते याच पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी.

“मॅडम, ते माझं जे काही आहे, ते मला बघायचंय.”

“बघता येतं,” केतकी म्हणाली. “स्वतःचं प्रतिरूप पाहण्याचा हक्क कायद्याने दिलाय. मागत कुणी नाही, एवढंच.”

फेब्रुवारीत परवानगी आली. महेंद्रने रेश्माला उचलून एक्केचाळीस पायऱ्या वर नेलं आणि रिक्षात बसवलं. दवाखान्यात तो बाहेरच्या बाकावर बसला. “तुम्ही बघा. मला त्यातलं काय कळतंय,” म्हणाला. पण बसताना त्याने बाकाची कड धरली, ते रेश्माने पाहिलं.

आत केतकीने पडदा सुरू केला. घर आग्र्यांचंच होतं. पडवी, ओटी, अंगण, पाखाडी, सगळं मापाबरहुकूम. पडवीत एक बाई बसली होती. चेहरा नव्हता, पण मान उजवीकडे किंचित कलती ठेवायची ढब रेश्माची. केतकीने वेग वाढवला. दिवस झरझर जाऊ लागले. बाई बसली होती. बाई कॉटवर गेली, परत आली, बसली. अंगणात चालखुर्ची चार पायांवर उभी होती आणि बाई तिच्याकडे वळतही नव्हती.

“ही एवढी बसते?” रेश्माने विचारलं.

“तुम्ही बसायचात तेवढी. पट्टा कधी बांधला होता?”

“जून ते ऑगस्ट.” रेश्माला हसू फुटलं. “मॅडम, त्या दिवसांत आमच्या पाखाडीला हे एवढं शेवाळ धरतं. धडधाकट माणूस काठी टेकत उतरतो. आणि मला उतरायला होतं काय? खुर्ची नाही म्हणून मी बसले, आणि मी बसले म्हणून खुर्ची नाही.”

“हा आपला पहिला मुद्दा,” केतकीने लिहून घेतलं.

एवढ्यात पडद्यावरची बाई खाली निघाली. बाजूने एक करडी आकृती आली, वाकली, तिला दोन्ही हातांवर घेऊन बासष्ट पायऱ्या उतरली आणि थोड्या वेळाने वर घेऊन आली. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीही ती आकृती पहिल्या दिवसासारखीच वाकत होती आणि तशीच ताठ उठत होती.

“हे कोण?”

केतकीने बाजूची नोंद उघडली आणि वाचली. “सहायक क्रमांक एक. उचलण्याची क्षमता, पुरेशी. उपलब्धता, चोवीस तास. झीज, शून्य.”

“शून्य म्हणजे?”

“म्हणजे तो थकत नाही, आजारी पडत नाही, त्याचं वय वाढत नाही. विमा तुमचा आहे, त्यांचा नाही. त्यांच्या शरीराशी कंपनीला कर्तव्य नाही, म्हणून त्यांना शरीरच दिलेलं नाही. मग प्रतिरूप हिशेबी निघालं. खुर्ची चार्ज करण्यापेक्षा हाक मारणं सोपं.”

“पण हे असतातच चोवीस तास, असं त्यांना सांगितलं कुणी?”

केतकीने त्या नोंदीला जोडलेली ध्वनिफीत लावली. पट्टा बांधायला आलेल्या माणसाचा आवाज, कपबशीचा आवाज, आणि मग महेंद्रचा, मोकळा, थोडा फुशारलेला : “एवढी महागाची वस्तू कशाला हो? मी आहे ना. दिवसाचं रात्रीचं कधीपण उचलीन.”

केतकीने पडदा बंद केला. “यातून दोन वाटा निघतात,” ती म्हणाली. “एक तर त्यांच्या पाठीची तपासणी करून ती या गणितात घालायची, म्हणजे झीज दिसेल. नाही तर त्यांनी हे बोलणं मागे घ्यायचं. त्यांची पाठ कुणी बघितलीय का?”

“ते म्हणतात बरी आहे.”

घरी जाताना आणि पुढे कितीतरी दिवस रेश्मा त्याला हे सांगू शकली नाही. महेंद्र खाडीवरच्या फेरीबोटीवर खलाशी होता. तिच्यासाठी त्याने वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती, ती मेअखेर संपत होती. सकाळी भोंगा ऐकला की तो न चुकता घड्याळ बघायचा, आणि बोट वेळेवर आहे की उशिरा ते तिला सांगायचा. त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुमच्या त्या एका वाक्याने माझा अर्ज बुडाला?

चौदा मार्चला, ऐन बाराच्या उन्हात, ते पाखाडीवरच उघड झालं.

ज्यांच्या कलमकाड्या घ्यायच्या, त्या मातृवृक्षांचा मोहर रेश्माला बघायचा होता. महेंद्र तिला घेऊन उतरत होता. अठ्ठाविसाव्या पायरीवर तो थांबला, “एक मिनिट,” म्हणाला आणि तिला घेऊनच हळूहळू खाली बसला. तिला पायरीवर टेकवलं. मग त्याला उठता येईना.

“काय झालं?”

“काही नाही. उसण भरली.”

“अहो, तोंड पांढरं पडलंय तुमचं.”

“गादी सरकलीय मणक्यातली,” तो शेवटी म्हणाला. “दिवाळीत कळलं. साताऱ्याला आतेभावाच्या ओळखीचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे गेलो. कुठे नोंद करू नका म्हणून हात जोडले.”

“आणि मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर तू उचलू दिलं असतंस? आणि नोंद झाली की ती बंदरखात्याला दिसते. खलाशाचा तंदुरुस्तीचा दाखला जातो. मग बोट संपली.” त्याने श्वास घेतला. “तसं बोटीवर जड उचलावं लागत नाही गो आता. दोर यंत्रानेच ओढतात. तिथे मी पंधरा वर्षं काढीन. पण कागदावर पाठ गेली म्हणजे गेली.”

तेव्हा रेश्माने त्याला सगळं सांगितलं; करडी आकृती, सहायक क्रमांक एक, ध्वनिफीत. महेंद्र ऐकत होता. “झीज शून्य?” असं म्हणून तो हसायला गेला, पण कळ आली आणि त्याने डोळे मिटले.

“म्हणजे मीच खोडा घातला.”

“तुम्ही चांगुलपणाने बोललात.”

“चांगुलपणाने कसलं. ऐट होती. गावात सगळे म्हणायचे, नवरा असावा तर असा. बरं वाटायचं ऐकायला.”

हाक मारली तरी ऐकायला त्या वेळी आसपास कुणी नव्हतं आणि फोन पडवीत राहिले होते. ऊन तर डोक्यावर आलेलं. अखेर रेश्माने पाठीमागच्या पायरीवर दोन्ही तळवे टेकले, कोपरं ताठ केली आणि अंग वर ओढलं. एक पायरी झाली. मग पाय हातांनी उचलून घेतले. दुसरी. महेंद्र तिच्यामागून गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत यायला लागला. मधल्या एका पायरीवर दोघांची नजरानजर झाली.

“कुणी बघितलं तर म्हणेल, आग्र्यांनी काय नवस केलाय,” रेश्मा म्हणाली.

अठ्ठावीस पायऱ्यांना ऐंशी मिनिटं लागली. अंगणात पोचल्यावर ती इतकी खूश होती, की आपल्याला काही लागलंय हे सांज होईपर्यंत तिला कळलंच नाही. जिथे संवेदना नाही तिथे दुखतही नाही. कपडे बदलताना महेंद्रने रक्त पाहिलं. जांभ्याच्या खरखरीत कडांनी मागची कातडी तळहाताएवढी सोलली होती. दुसऱ्या दिवशी केतकी घरी आली, जखम धुतली आणि बजावलं, “सहा आठवडे पालथं झोपायचं. बसायचं नाव काढायचं नाही.”

रेश्माने फेब्रुवारीतच विमा तक्रार मंचाकडे दाद मागितली होती; या सहा आठवड्यांतच तिच्या सुनावणीची तारीख लागली, चिपळूणला. रेश्माने पोटावर पडल्यापडल्या उत्तर लिहिलं : ‘मी तिथे येऊ शकत नाही. हाच माझा अर्ज आहे. मंचाने इथे यावं.’

मंच खरंच आला. वीस एप्रिलला सकाळी दहा वाजता मंचाच्या अध्यक्ष ताहिरा परकार एक्केचाळीस पायऱ्या उतरून आल्या. पन्नाशी उलटलेल्या, पायांत साध्या चपला. मागोमाग कंपनीचे अधिकारी कौशिक दामले, हातात संगणक, पायांत गुळगुळीत तळाचे बूट. चौथ्या पायरीवर ते घसरता घसरता राहिले. केतकी आधीच येऊन बसली होती. अध्यक्षबाई चिपळुणाहून आल्यात म्हटल्यावर शेजारच्या वासंतीकाकी आणि आणखी चारपाच जण अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांना जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

रेश्मा कॉटवर पालथी, हनुवटीखाली उशी. “माफ करा, उठून नमस्कार करता येत नाही,” ती म्हणाली.

परकारबाईंनी खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला घेतली. “तुम्ही बोला.”

रेश्माने शेवाळाचा मुद्दा मांडला. दामल्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. ते उर्मट नव्हते. त्यांना आपल्या यंत्राचं खरंच पटलेलं होतं. “मॅडम, पावसाळ्याचा मुद्दा मान्य केला तरी पट्ट्याची नवी नोंद बघा. चौदा मार्च. अर्जदार अठ्ठावीस पायऱ्या स्वतःच्या बळावर चढल्या आहेत, कोणत्याही साधनाशिवाय. म्हणजे क्षमता आहे.”

मग रेश्मा म्हणाली, “बाई, पुरुषांना जरा अंगणात जायला सांगा. ती क्षमता तुम्हाला दाखवते.”

परकारबाईंनी केतकीबरोबर जखम पाहिली. सर्वांना परत बोलावल्यावर त्यांनी दामल्यांना एवढंच विचारलं, “तुमच्या प्रतिरूपाला असं काही झालं का?”

दामल्यांनी संगणकात पाहिलं. “जखमेची शक्यता बारा टक्के धरली होती.” ते थोडे अडखळले. “पण मॅडम, मुळात त्यांना असं चढण्याची गरज नव्हती. श्री. आग्रे आहेत. त्यांचं निवेदन नोंदलेलं आहे. सहायकाची परिस्थिती बदलली असेल तर त्यांनी पाठीची तपासणी सादर करावी, आम्ही ती प्रतिरूपात घालू. तासाभराचं काम आहे.”

“आणि ती तपासणी कुठे नोंदली जाईल?” केतकीने विचारलं.

“आरोग्य नोंदवहीत. नियमाप्रमाणे.”

रेश्माने मान उचलली. “तपासणी द्यायची नाही. अहो, ऐकताय का? खुर्ची नको मला. तुम्ही काही द्यायचं नाही.”

महेंद्र खांबाला टेकून उभा होता. परकारबाई त्याच्याकडे वळल्या. “आग्रे, तुम्ही यापुढे पत्नीला उचलू शकता का?”

त्याने आधी रेश्माकडे पाहिलं, मग अंगणात उभ्या असलेल्या माणसांकडे. शकत नाही म्हटलं, तर का म्हणून विचारणार. त्याचं उत्तर दिलं, की बोट गेली.

“शकतो की नाही ते विचारू नका, बाई,” तो म्हणाला. “मी उचलणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे उचलणार नाही. मागे जे बोललो ते मागे घेतो.”

“काही कारण?”

“कारण नाही. नाही उचलणार, एवढं लिहा.”

“अगो बाय!” अंगणातून वासंतीकाकींचा आवाज आला. महेंद्रचे कान लाल झाले होते, पण त्याने मान खाली घातली नाही. रेश्माने तोंड उशीत घातलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या माणसाने तिच्यासाठी इतकं जड काही उचललेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. पण हे तिथे जमलेल्यांतल्या कुणालाही सांगण्याची सोय नव्हती.

परकारबाईंनी ते वाक्य लिहून घेतलं, त्याची सही घेतली. सही होईपर्यंत त्यांनी महेंद्रकडे दोनदा निरखून पाहिलं. त्यांच्या काय ध्यानात आलं असेल ते त्याच जाणोत. बोलल्या मात्र कायद्याचंच.

“दामले, हा विमा रेश्मा आग्रे यांचा आहे. यांच्या नवऱ्याने कंपनीशी कसलाही करार केलेला नाही. उद्या ते घर सोडून गेले तरी तुम्ही त्यांना अडवू शकत नाही. मग जो माणूस तुमच्या ताब्यात नाही, तो साधन म्हणून तुमच्या गणितात कसा? काढा त्याला. सहायक वगळून आत्ता चालवा. मी थांबते.”

यंत्राला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात महेंद्रने सगळ्यांना चहा दिला. अंगणातल्यांनाही दिला. काकींनी घेतला नाही.

निकाल आला तसा दामल्यांनी तो मोठ्याने वाचला. खुर्ची नाही आणि सहायक नाही, अशा दहा हजार आयुष्यांत ती बाई तीन वर्षांत अंगणाबाहेर एकदाही गेली नव्हती. खुर्ची असताना नऊ हजारांहून अधिक आयुष्यांत ती रोज खाली जात होती. दामले स्वतःच चकित झाले होते. “कंपनी मागणी मान्य करायला तयार आहे,” ते म्हणाले. “आजच पत्र देतो. मग मंचाच्या आदेशाची गरज राहणार नाही.”

परकारबाईंनी रेश्माला विचारलं, “चालेल?”

रेश्माला हो म्हणायचंच होतं. जुलैत कोयकलमांचा हंगाम, त्याआधी खुर्ची हातात हवी होती. तरी ती म्हणाली, “आदेश द्याच, बाई. उशीर झाला तरी चालेल. ते यंत्र आज हो म्हणालं, उद्या परत नाही म्हणेल. मला खाली जायचंय हे मी वर्षभर सांगतेय, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहा.”

आदेश यायला पाच आठवडे लागले. त्यात दोन गोष्टी होत्या. घरच्या माणसाची मदत, त्याने लेखी करार करून दिल्याखेरीज, साधन म्हणून धरता येणार नाही. आणि प्रतिरूपाचं उत्तर काहीही येवो, साधन कशासाठी हवं हे अर्जदाराच्या तोंडून ऐकल्याशिवाय मागणी फेटाळता येणार नाही. त्या वर्षाअखेर राज्यातल्या कितीतरी अर्जांना हा आदेश जोडला गेला. कोंडखोलमध्ये मात्र त्यातलं एकच वाक्य पोचलं. महेंद्र आग्रे बायकोला उचलणार नाही म्हणाला, सहीनिशी.

जूनच्या पहिल्या दिवशी महेंद्र बोटीवर रुजू झाला. दाखल्याला काही झालं नाही. गावात त्याच्याशी बोलणं लोकांनी सोडलं नाही, पण बोलण्यातली कळकळ गेली. वासंतीकाकी एकदा फणस घेऊन आल्या आणि रेश्माजवळ बसून हळूच म्हणाल्या, “तुझं नशीब गो. शेवटी पुरुषाची जात. वर्षभरात कंटाळला.” रेश्माने फणस घेतला, विळीला तेल लावलं आणि गरे काढत राहिली. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य आजीवन गिळायचं, हा या निकालाचा तिच्या वाट्याला आलेला भाग होता.

चालखुर्ची जूनच्या मध्याला आली. शेवाळासाठी तळव्यांना खाचांचे रबर बसवून घेतले. पहिल्यांदा उतरताना रेश्माला भीती वाटली. चाळिसाव्या पायरीवर दगड डुगडुगला, खुर्चीने पाय मागे घेतला, दुसरी जागा शोधली आणि मगच भार टाकला. खाली रोपवाटिकेत सावलीची जाळी फाटली होती, निम्मे वाफे तणाने भरलेले होते. तिने कपाळाला हात लावला, आणि मग साडीचा पदर खोचून कामाला लागली. त्या जुलैत तिने अकराशे कलमं बांधली.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी महेंद्र पाळी संपवून दुपारी घरी आला. रेश्मा तेव्हाच पाखाडीवरून वर येत होती. तिला पाहताच तो सवयीने पुढे झाला, किंचित वाकला, दोन्ही हात पसरले. खुर्ची शेवटची पायरी चढून त्याच्यासमोर थांबली. तो तसाच उभा राहिला. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.

रेश्मालाही तेव्हाच उमगलं. गेल्या दीड वर्षात त्याचा हात तिला लागला तो फक्त उचलायला, वळवायला, पुसायला. त्याशिवाय कशाला, ते दोघंही विसरले होते.

“बसा इथे,” तिने कठड्याकडे बोट दाखवलं.

तो जपून बसला. तिने खुर्ची त्याच्या बाजूला लावली. तो बराच वेळ बोटीवरचं काहीबाही सांगत राहिला. एका म्हशीने बोटीत चढायच्या पाटावरच बसकण मारली आणि बोट वीस मिनिटं उशिरा सुटली. ती हसली. सांगता सांगता त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

“माती आहे हाताला,” रेश्मा म्हणाली.

“असू दे,” महेंद्र म्हणाला, आणि म्हशीचं पुढे काय झालं ते सांगू लागला.